घूस की उंदीर? आधी ओळख, मग उपाय



आपल्या एका सभासदांचा पुतण्या अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे. घरामागच्या जागेत त्याने हौसेने घेवडा आणि कोबी लावला. महिन्याभरात कोणीतरी वाफेच्या वाफे फस्त केले आणि कुंपणाखाली घागर मावेल एवढे भोक पाडून ठेवले. एके सकाळी चोर दिसला. पोराने फोटो काढून काकांना पाठवला आणि विचारले, "काका, इकडेही घुशी असतात का हो?"

काकांनी तो फोटो शेतकी कार्यालयात आणला. मांजरापेक्षा लठ्ठ प्राणी, मागच्या पायांवर सरळ बसलेला, अंगावर करडे-तपकिरी केस. कोणी म्हणाले घूस, कोणी म्हणाले मुंगूस, एकाने तर साळिंदराचे पिल्लू ठरवले. सगळ्यांनी रंगावरून ठरवले आणि सगळ्यांचेच चुकले.

तो प्राणी म्हणजे ग्राउंडहॉग. शब्दशः अर्थ लावला तर जमिनीतले डुक्कर. आहे मात्र तो खारीच्या कुळातला. म्हणजे भीमाशंकरच्या जंगलातले आपले शेकरू हे त्याचे भाऊबंद. पाठीच्या केसांची टोके पांढुरकी, म्हणून तो राखाडी दिसतो. पोटाकडे तांबूस झाक, पाय काळसर, कान लहान आणि गोल, शेपूट आखूड पण केसाळ, पुढचे दात पांढरे. क्वचित एखादा अगदी काळाही निघतो. थंडीत तो बिळात झोपून राहतो. पावशा ओरडला की आपण पेरणीचे मनावर घेतो, तशी तिकडे समजूत आहे, की 2 फेब्रुवारीला बिळाबाहेर आलेल्या या प्राण्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे टिकते. पंक्सटॉनी या गावी 1887 पासून हा सोहळा होतो. शेतकरी मात्र त्याच्या बिळांना कंटाळलेला असतो.

आपल्याकडे हे जनावर नाही. त्याच्या जातीचा भारतातला जवळचा नातेवाईक हिमालयात लडाखसारख्या उंच प्रदेशात राहतो. पण जमीन पोखरण्याचे काम आपल्याकडे ज्याने अंगावर घेतले आहे, त्याच्या नावातही डुक्कर आहेच. घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात. तो शब्द तेलुगूतील 'पंदिकोक्कु' या शब्दावरून गेला आणि त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर.

फोटोवरून कार्यालयात हसाहशी झाली. पण विचार केला तर आपल्या उसातल्या प्राण्यांचेही आपण असेच करतो. दिसला की सगळा उंदीरच, आणि काळा दिसला की घूस. हा लेख लिहिणाऱ्यानेही तेच केले होते. त्याची हकिकत आधी सांगतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी माझ्या आडसाली उसाच्या बांधावर बिळे दिसू लागली. ऊस बुडख्याशी कुरतडलेला होता. संध्याकाळी काहीतरी काळे पळताना दिसले, म्हणून घूस असे धरून चाललो. दुकानातून औषध आणले, भरड्यात कालवले आणि बांधावरच्या उघड्या भोकांत व भोवताली टाकले. काही भोकांच्या तोंडाशी मातीचे ढीग होते. ती बुजलेली दिसली, म्हणून सोडून दिली.

सकाळी जाऊन बघतो तो दोन होले आणि एक तित्तर बांधावर मरून पडलेले. उंदीर एकही नाही. आठ दिवसांनी कुरतडलेले ऊस दुप्पट झाले. औषधाचे पैसे गेले, पाखरांचे पाप लागले, आणि चोर जिथल्या तिथे. माझे काय चुकले ते पुढे बऱ्याच दिवसांनी कळले, आणि तेही ऊस नसलेल्या मुलखात.

दाभोशाचे बाबा

गाळप सुरू होण्याआधी, दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत, आम्ही काही मंडळी त्र्यंबक-मोखाडा मार्गे जव्हारला गेलो होतो. जव्हार-मोखाडा हा पूर्वी ठाणे जिल्ह्याचा आणि 2014 पासून पालघर जिल्ह्याचा डोंगरी भाग. तिथून दाभोशाचा धबधबा पाहायला गेलो. लेंडी नदी तिथे सुमारे 300 फुटांवरून खाली कोसळते. पाऊस दांडगा, पण जमीन उताराची. खाचरात भात आणि वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद, खुरासणी. एका पावसाळ्याच्या पिकावर वर्ष काढायचे.

वाटेत एका खाचरात भात कापून झाले होते. एक वयस्कर वारली बाबा आणि त्यांचा नातू बांध उकरत होते. आम्ही थांबलो. बांधाला चार-पाच भोके होती. एक चांगले मोठे, गुळगुळीत, उघडे. बाबांनी तिकडे पाहिलेही नाही. ते मातीच्या एका ओल्या ढिगाशी बसले.

मी म्हटले, "बाबा, हे भोक तर बुजलेलं आहे. त्या उघड्यात बघा ना."

बाबा हसले. "दादा, उघडं दार रिकाम्या घराचं. त्यात आता साप असंल. मालक घरात असला म्हणजे आतून माती लोटून दार लावून घेतो. माती कुठं ओली आहे ते बघायचं."

हातभर खणल्यावर बोगदा लागला, पुढे त्याला फाटा आणि फाट्याच्या टोकाला कोठी. तीत भाताच्या लोंब्या रचून ठेवल्यासारख्या. टोपलीभर निघाल्या. बाबांनी त्या झटकून वेगळ्या ठेवल्या. आपल्याकडे टोपलीभर भात कोणी मोजणार नाही. एका पिकावर जगणाऱ्या घरात तेवढ्यात दोन वेळची चूल पेटते. त्यामुळे कोणत्या भोकात कोण राहते याची ओळख तिथे पोरालाही असावी लागते. नातवाने निघालेला प्राणी शेपटीला धरून दाखवला आणि आम्ही न विचारताच सांगितले, "ही मोठी घूस नाही. शेपूट बघा, अंगापेक्षा आखूड."

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण रोज वापरतो, पण बांधावर उभे राहिल्यावर ती आठवत नाही. मी औषध टाकले होते ते नागोबाच्या दारात. धनी शेजारी दार लावून स्वस्थ झोपला होता.

रंग फसवतो, पोट, शेपूट आणि दार बघा

काळ्या मातीत लोळलेला कोणताही उंदीर काळाच दिसतो. पिल्ले मोठ्यांपेक्षा करडी असतात. घरातल्या उंदराला पुस्तकात काळा उंदीर म्हणतात, पण आपल्याकडचा बहुधा तपकिरीच असतो. तेव्हा पाठीच्या रंगावर निकाल देऊ नये. पोटाचा रंग, शेपटीची लांबी, तोंडाची ठेवण आणि बिळाचे दार या चार गोष्टी पाहाव्यात. आपल्या शिवारात मुख्यतः पुढील मंडळी भेटतात.

लहान घूस, म्हणजे शेतातली घूस. उसाचा खरा वैरी हाच. अंग जेमतेम वीतभर, पाठ गडद तपकिरी ते काळपट, पोट मळकट करडे. शेपूट अंगापेक्षा आखूड, वरून-खालून सारखीच गडद आणि जवळजवळ बिनकेसांची. तोंड आखूड व रुंद, कान गोल. डिवचला तर केस फुलवून गुरगुरतो, अंगावर येतो. पाणी देताना बीळ भरले तर पोहून निघून जातो. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग आणि दार आतून बंद. बिळात एरवी एकटाच राहतो; मादी असेल तर पिलांसह. आत धान्याची कोठी. मादीला तीन-साडेतीन आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेळी पाच ते दहा, कधी त्याहून जास्त, आणि ती पिल्ले सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो. हिशेब आपणच करावा.

मोठी घूस. शेपटीसकट हातभर, वजनाने किलोपर्यंत आणि कधी त्याहून जास्त. काळपट तपकिरी राठ केस, त्यातून लांब काळे केस वर आलेले. पाय काळे. शेपूट अंगाच्या जवळपास. ही वस्तीजवळ, गोठा, उकिरडा, गोदाम, भिंतीचा पाया अशा जागी जास्त. हिचे पिल्लू आणि पूर्ण वाढलेली लहान घूस रंगाने सारखीच दिसतात. तेव्हा मागचा पंजा मोजावा. मोठीचा सुमारे दोन इंच, लहानीचा दीड इंच किंवा त्याहून कमी.

लांब शेपटीचा, उड्या मारणारा उंदीर. पाठ वाळूसारखी तांबूस-पिवळट, पोट पांढरे स्वच्छ, डोळे मोठे. शेपूट अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. ही खूण कधी चुकत नाही. कोरड्या, हलक्या जमिनीत आणि बांधावर हा राहतो. एका ठिकाणी अनेक दारे असतात.

मऊ केसांचा शेतउंदीर. लहान घुशीपेक्षा बराच लहान. पाठ फिकट करडी-तपकिरी, पोट पांढुरके, केस हाताला मऊ लागतात. शेपूट वर गडद, खाली फिकट. बीळ साधे, उथळ. काळ्या जमिनीच्या भेगांत आणि दगडांखाली राहतो. बागायती पिकात याची वस्ती जास्त.

चिमुकला शेतउंदीर. अंगठ्याएवढा, वर तपकिरी, खाली पांढरा. भोक इतके बारीक की त्यात बोट कसेबसे जाते.

या पाचांत न बसणारी सहावी म्हणजे चिचुंद्री. राखाडी रंग, लांब टोकदार सोंड, बारीक डोळे आणि उग्र वास. ती उंदीर नव्हेच. तिचे खाणे किडे-मुंगळे. तिला मारून उसाचा काही फायदा नाही.

ऊस कोणी खाल्ला?

ऊस कुरतडला म्हणजे उंदीरच, असेही नाही. बुडख्याकडच्या कांड्यांवर दोन-दोन दातांच्या बारीक पन्हळी आणि खाली भुसा पडलेला असेल तर तो उंदीर किंवा घूस. दातांचे घाव रुंद, आणि जवळपास काटा पडलेला मिळाला तर साळिंदर. ऊस मोडून, चघळून चोयट्या टाकल्या असतील, माती उकरलेली असेल तर रानडुक्कर. कोल्हाही ऊस चघळतो. यांतल्या प्रत्येकावर इलाज वेगळा, आणि वन्य प्राण्यांच्या बाबतीत 1972 च्या वन्यजीव कायद्याचे बंधन आहे. तेव्हा तिथे वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा, परस्पर काही करू नये.

धामण, घुबड आणि मुंगूस यांना शेतात राहू द्यावे. धामण बिळात शिरून उंदीर गिळते. घुबड रात्री, म्हणजे उंदीर बाहेर पडतात त्याच वेळी, शिकार करते. मुंगूस दिवसा फिरतो. ही वेळेची ओळख नसली तर काय होते, याचा धडा उसाच्याच इतिहासात आहे. जमेका बेटावर उसातल्या उंदरांसाठी 1872 साली भारतातून नऊ मुंगूस नेले. आरंभी गुण आला असे वाटले, पण पुढे मुंगसांनी कोंबड्या, पाखरे, सरडे यांच्यावर ताव मारला. 1883 साली तीच जात हवाईच्या ऊसमळ्यांत सोडली. तिथे उंदीर रात्री फिरत राहिले आणि मुंगूस दिवसा. दोन्ही आजही तिथे आहेत. आपल्या शिवारात मुंगूस मूळचाच, त्याला खाणारे-रोखणारेही इथलेच, म्हणून तो इथे शोभतो.

तोडकऱ्यांच्या जिवाचा प्रश्न

उंदराचा प्रश्न नुसता टनेजचा नाही. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो. ओल्या मातीतून, साचलेल्या पाण्यातून, हातापायांच्या जखमांतून तो अंगात शिरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 1930 नंतरच्या काळात ऊसतोड कामगारांत या तापाने इतका कहर केला, की 1934 आणि 1935 साली त्यांनी संप केले. उंदीर पळावेत म्हणून तोडणीआधी ऊस पेटवून द्यावा, ही त्यांची मागणी होती. आपल्याकडे मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर याच तापाची साथ आली होती.

आपण ऊस पेटवू नये. पाचट ही जमिनीची भाकरी आहे, आणि जळलेल्या उसाचे वजन व उतारा दोन्ही घटतात. पण कोयता चालवणाऱ्या बाया-माणसांच्या पायात बूट आणि हातात मोजे असावेत, जखम झाकलेली असावी, प्यायचे पाणी झाकून ठेवावे, ही जबाबदारी ज्याच्या फडात तोड चालू आहे त्याची आहे. कोणाला जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल किंवा कावीळ दिसली तर अंगारा-गोळी करीत न बसता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे आणि उसातले काम करतो हे डॉक्टरांना सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

काय करावे

पहिल्या दिवशी संध्याकाळी शेतातली आणि बांधावरची सगळी बिळे पायाने दाबून बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उकरलेली दिसतील किंवा ज्यांच्या तोंडाशी ताजी माती येईल, तेवढीच चालू बिळे. त्यांच्याजवळ काटकी रोवून खूण करावी आणि आकडा वहीत लिहावा. औषध लागते ते एवढ्यांनाच. उरलेली नागोबाची.

नंतर दोन-तीन दिवस तेल लावलेला नुसता भरडा चालू बिळांत ठेवावा. उंदीर संशयी असतो. नव्या वस्तूला आधी थोडे तोंड लावतो. पहिल्याच दिवशी झिंक फॉस्फाईड दिले तर थोडे खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या खाण्याला शिवत नाही. सवय लागल्यावर, डब्यावरच्या पत्रकात दिलेल्या प्रमाणातच औषध मिसळावे आणि संध्याकाळी बिळाच्या आत खोल ठेवून तोंड बुजवावे. घुशीच्या बिळाचा ढीग आधी बाजूला करून खरे दार शोधावे. बाहेर एक दाणाही सांडू नये. मेलेले उंदीर आणि उरलेले औषध खोल पुरावे.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. घरातली भांडी त्यासाठी वापरू नयेत, पोरांच्या हाती देऊ नये. ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या सावकाश, काही दिवसांनी काम करतात, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. आणि चुकून पोटात गेल्या तर डॉक्टरांपाशी व्हिटॅमिन के हा उतारा असतो. कोणतेही औषध पोटात गेल्यास पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

बांध अरुंद आणि गवतमुक्त ठेवावेत. रुंद बांध म्हणजे घुशीला बांधून दिलेला वाडा. लोळलेल्या उसात उपद्रव जास्त, म्हणून मोठी बांधणी वेळेवर करावी.

एकट्याने होणारे काम नव्हे

कुरतडलेल्या कांडीत हवा आणि रोग शिरतात, रस आंबतो, साखर मोडते. असा ऊस गव्हाणीत पडला की उतारा सगळ्या कारखान्याचा घसरतो, आणि उसाचा दर उताऱ्यावर ठरतो. म्हणजे एकाच्या बांधावरची घूस प्रत्येक सभासदाच्या बिलातून खाते.

दुसरे असे, की एका फडाची तोड झाली की तिथले उंदीर शेजारच्या उभ्या उसात जातात. मी माझे शेत साफ केले आणि शेजाऱ्याने नाही, तर माझा खर्च वाया. म्हणून एका पाटाच्या कडेच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच दिवशी बिळे बुजवावीत, एकाच सकाळी मोजावीत आणि एकाच संध्याकाळी औषध ठेवावे. गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला सोबत घ्यावे. आणि प्रत्येक वाडीत एखादा तरी म्हातारा किंवा गुराखी असा असतोच, ज्याला कोणत्या भोकात कोण आहे हे नुसत्या मातीवरून कळते. त्याला मानाने बोलवावे. माझा खर्च, तीन पाखरे आणि एका हंगामाचा ऊस गेल्यावर मला जे कळले, ते दाभोशाच्या त्या नातवाला दहाव्या वर्षी ठाऊक होते.

पेन्सिल्व्हेनियातल्या पुतण्याला काकांनी काय कळवले म्हणाल, तर एवढेच: "ती घूस नाही, खारीच्या कुळातली आहे. औषध टाकू नकोस. आधी दार कुठे आहे ते बघ, आणि कुंपण जमिनीत हातभर खोल गाड."

आपण आपल्या बांधावर जाऊन आज संध्याकाळी बिळे बुजवावीत, आणि उद्या सकाळी ताजी माती कुठे आली ते पाहावे.